सात नंबरची बाटली

“तुम्ही नका चढू मॅडम, टाकीचा जिना निसरडा हाय. मीच भरून आणतो,” म्हणत गुणाजीने म्हात्रे मॅडमच्या हातातली बाटली जवळजवळ ओढूनच घेतली.

रोह्याच्या एका औषध कंपनीत सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्या तो अठरा वर्षं सांभाळत होता. मॅडम पेणच्या कॉलेजात शिकवायच्या. औषधांना न जुमानणारे जंतू सांडपाण्यातून कुठवर पोचलेत, याचा त्या शोध घेत होत्या. रोह्यापासून धरमतरच्या खाडीपर्यंत दहा ठिकाणचं पाणी त्यांना हवं होतं.

गुणाजी बाटली भरून घेऊन आला. मॅडमनी तिच्यावर सात आकडा घातला, त्याचं नाव विचारून वहीत लिहिलं, वर आभारही मानले. गुणाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन आठवड्यांनी मॅडमनी फोन करून त्याला पेणला कॉलेजात बोलावून घेतलं. गाडीत तो एकच वाक्य मनात घोळवत बसला. कासू स्टेशन गेलं तरी ते नीट जुळेना.

मॅडमनी झाकणाची काचेची बशी पुढे ठेवली. “तुमच्या बाटलीतले जंतू हिच्यात वाढवलेत. या पाच औषधांच्या चकत्या. प्रत्येकीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल पडायला हवा. सात नंबरमध्ये एकही नाही. पाचही औषधं फुकट! आणि हा गुण जनुकांतून एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो. असे जंतू पोटात गेले तर साधा तापसुद्धा आवरायचा नाही.”

गुणाजीने बशी हळूच मॅडमकडे सरकवली.

“बाकीच्या ठिकाणी दोघांनी तर मला नळाचं पाणी भरून दिलं. क्लोरीनचा वास लपतो होय? तुम्ही तेवढे प्रामाणिक निघालात.”

त्याचे कान तापले. मान वर होईना.

“नोकरीची काळजी करू नका. तुमचं नाव कुठेही येणार नाही.”

“तसं नाय, मॅडम.” त्यांनी दिलेला पाण्याचा पेला त्याने न पिताच खाली ठेवला. “साहेब बोलले, टाकीतलं देऊ नको, चांगलं पानी दे. मी घरून भरून आणलेलं.”

“घरून? कुठलं?”

“आमची सगळी वाडी पिते, त्या विहिरीचं.”