पाच स्पीकर आणि एक गाऱ्हाणं

सेट जोडून द्यायला आलेल्या प्रीतमने शेवटच्या वायरीचं टोक सोललं, तांब्याच्या तारांना पीळ दिला आणि ती रिसिव्हरच्या मागे घट्ट बसवली. तांबडी तांबड्यात, काळी काळ्यात. दोन स्पीकर टीव्हीच्या बाजूंना, एक मधोमध, दोन पाठीमागे खिडक्यांपाशी. तारकर्लीच्या त्या घरात माणसं दोन आणि स्पीकर पाच.

“काकानू, आता आवाज बघा,” म्हणत त्याने बटणाकडे हात नेला.

“थांब रे! आधी गाऱ्हाणा घालूचा आसा.” भिकाजी नारळ घेऊन पुढे आला. नवी वस्तू देवाच्या कानावर घातल्याशिवाय वापरायची नाही, हा त्याचा कायदा. मिक्सरसुद्धा त्यातून सुटला नव्हता.

हा सगळा थाट बोटीवर नोकरीला असलेल्या धनेशने धाडलेला. फोनवर लेकाशी काय बोलावं ते न सुचून भिकाजी एकदा म्हणून गेला होता, टीव्हीचा आवाज नीट येत नाही. लेकाने ते मनावर घेतलं.

रुक्मिणी दाराला टेकून उभी होती. सकाळी धनेशचा फोन तिनेच घेतला होता. “आये, यंदाय चवथीक सुटी गावणा नाय. बाबांका आत्ताच सांगा नको. आधी सेट वाजू दे.” गणपतीला लेक येणार नाही, ही बातमी ती तेव्हापासून पोटात घेऊन वावरत होती.

“बा देवा म्हाराजा,” भिकाजीने डोळे मिटले, “माझ्या झिलान ह्या यंत्र धाडल्यान हा. ता बरा वाजू दे, खंय शॉट लागा नको.”

“व्हय म्हाराजा!” रुक्मिणी आणि प्रीतम एका सुरात म्हणाली.

“तेका दर्यार सुखरूप ठेव.”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्या चवथीक तेका घराक हाड.”

प्रीतमचा होकार एकटाच उमटला. रुक्मिणीचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. सगळं ठाऊक असताना देवासमोर ‘व्हय’ कसं म्हणायचं?

होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. भिकाजी थांबला. “म्हण गो,” म्हणत त्याने मागे वळून पाहिलं आणि बायकोच्या चेहऱ्यावरून त्याला काय ते कळलं.

तो पुन्हा देवाकडे वळला. या खेपेला त्याचा आवाज पार खाली आला होता.

“बरा तर, म्हाराजा. ह्या चवथीक नाय, तर फुडल्या. ता पण जमणा नसात, तर तुका जमात तेवा. फकत आमी दोगां जिती आसंव तवसर तेका हाड.”

“व्हय म्हाराजा!” रुक्मिणी ओरडली. इतक्या मोठ्याने, की अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या मथुरेने हाक दिली, “रुक्मिणे, सेट चालू झालो काय गो?”