कालिंदीच्या पसंतीचं

"कुकर तीन लिटरचा बास होईल," कालिंदी म्हणाली. "दोनच तर माणसं."

"पाचाचा घे," यमुनाबाई म्हणाल्या. "माणसं काय, वाढतात."

दुकानदार बद्रीनाथनं लगेच पाच लिटरचा कुकर फळीवरून उतरवला. सासूच्या तोंडून असं काही ऐकायची कालिंदीला सवय नव्हती. ती कानापर्यंत लाल झाली आणि उगाच कुकरची शिट्टी काढून हातात खेळवत बसली.

गुलमंडीतलं हे भांड्यांचं दुकान पाटोदेकरांच्या ओळखीचं. घरातला प्रत्येक डबा इथूनच आलेला, पण आजवर तो निवडला होता यमुनाबाईंनी. लग्नाला आठ वर्षं झाली तरी कालिंदी त्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखीच वावरत होती. साखरेचा डबा तिनं जरा हाताशी घेतला, की संध्याकाळपर्यंत तो मुकाट जुन्या जागी गेलेला असायचा. भांडण कधी झालं नाही. पण हे घर काही आपलं नव्हे, एवढं मात्र तिला पक्कं कळलं होतं.

तिच्या नवऱ्याची, मुकुंदची कंपनी बिडकीनला. शिफ्ट अवेळी सुटते म्हणून त्यानं गेल्या वर्षी तिथंच खोली घेतली. आधी दर शनिवारी यायचा, मग त्यातही खाडे पडायला लागले. मलाही न्या म्हणून कालिंदीनं किती वेळा विनवलं. जागा लहान आहे, बघू, असं म्हणून तो विषय टाळायचा. आणि आज सकाळी चहा घेताना यमुनाबाई आपण होऊन म्हणाल्या, की बिडकीनला आता नीट बिऱ्हाड थाटून द्यायला हवं, चल, सामान घेऊन येऊ.

कधी जायचं, हे कालिंदीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारलं आणि सासूबाईंचं मन फिरलं तर? तिनं चहा संपवला आणि मनातल्या मनात साड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

मिक्सर बघताना तर तिनं बद्रीनाथला घामच फोडला. एकेक मिक्सर चालू करायला लावून ती कान देऊन ऐकत होती. रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसा झोपतो, खोली एकच, त्यात ही घरघर नको, असं तिचं म्हणणं. शेवटी सगळ्यांत कमी आवाजाचा निघाला तो तिनं बाजूला काढला. फुलके पातळ लागतात म्हणून हलका तवा, चहात आलं ठेचून लागतं म्हणून छोटा खलबत्ता. यमुनाबाई तिच्याकडे बघत उभ्या होत्या.

"त्याला काय लागतं, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत," त्या हळूच म्हणाल्या.

आठ वर्षांत मिळालेली ही पहिली शाबासकी. कालिंदीनं ती पदरात बांधून घेतली.

पाणी तापवायची केटल मात्र यमुनाबाईंनी स्वतः मागितली. रात्री-अपरात्री गरम पाणी लागतं, म्हणाल्या. मुकुंदचा घसा नाजूक, हे कालिंदीलाही पटलं. आईच ती, लक्षात ठेवणारच.

मग त्यांनी काचेच्या कपाटातून एक चिमुकलं बोंडलं उचललं, तान्ह्या बाळाला दूध पाजायचं, आणि कुणाकडेही न बघता सामानात ठेवून दिलं.

कालिंदीचे डोळे भरून आले. किती नवस, किती डॉक्टर झाले होते! वर्षभरापासून घरात कुणी तो विषयच काढत नव्हतं. सगळ्यांनी आशा सोडली, असंच ती धरून चालली होती. आणि इथं ही बाई न बोलता बोंडलं घेते. दुकानात गर्दी नसती तर तिनं तिथंच वाकून सासूचे पाय धरले असते.

"सगळं हिच्याच पसंतीनं चाललंय हं, बद्रीनाथ," यमुनाबाई जरा मोठ्यानं म्हणाल्या. "उद्या कुणी विचारलं तर सांगशील."

"सांगेन की, काकू. वहिनींची पारख लई पक्की."

"चार माणसांसमोर झालेलं बरं असतं. पुढं कुणाला बोट ठेवायला नको."

कालिंदीनं मान डोलावली. सासू-सुनांमध्ये मागून कुरबूर होते, तशी व्हायला नको, इतकंच तर त्यांचं म्हणणं.

बद्रीनाथनं नाव घालायचं मशीन पुढं ओढलं, कुकर मांडीवर घेतला आणि काय नाव घालायचं म्हणून विचारलं. घरातल्या सगळ्या भांड्यांवर सासूचं नाव होतं. कालिंदीच्या रुखवतातली, तिच्या नावाची भांडी लग्नानंतर माळ्यावर गेली ती तिथंच राहिली. रोजच्या वापरातल्या भांड्यावर आता पहिल्यांदा आपलं नाव येणार. पण त्यात नवऱ्याचं नाव घ्यावं लागणार, आणि उखाण्याशिवाय ते घ्यायला ती अजूनही लाजायची.

"तुम्हीच सांगा, आई."

यमुनाबाईंनी काउंटरची कड घट्ट धरली.

"लिही. सौ. रेणुका मुकुंद पाटोदेकर."

बद्रीनाथचा हात थांबला. त्यानं आधी कालिंदीकडे पाहिलं, मग यमुनाबाईंकडे.

"काकू, वहिनींचं नाव तर..."

"मी सांगितलं तेच लिही."

मशीन घरघरायला लागलं. कुकरची शिट्टी कालिंदीनं मुठीत इतकी आवळली होती, की तळवा दुखायला लागला.

एकेक भांडं पुरं करून बद्रीनाथ शेवटी बोंडल्यापाशी आला आणि खाली मान घालून त्यानं विचारलं, "ह्याच्यावर काय घालू?"

"त्याच्यावर आत्ता नको," यमुनाबाई म्हणाल्या. "बारसं रविवारी आहे."