गोरक्षची पापं

"फादर काय म्हनले?" गोरक्षनं खाटेवरूनच विचारलं.

छबूबाईनं मोबाईल पदराला पुसून कोनाड्यात ठेवला. "खर्ड्याला गेलेत. शनिवारी येतील."

"आज वार कोनता?"

"बुधवार."

डॉक्टरनं सोमवारीच सांगितलं होतं, आता घरी न्या, खावंसं वाटेल ते द्या. असं सांगितलं की माणूस काय समजायचं ते समजतो. बेलापूरच्या शिवारात गोरक्षनं उभ्या जन्मात कुणाला भीक घातली नव्हती, देवाला तर नाहीच नाही. छबूबाई जन्माची ख्रिस्ती. दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात आया होती. चाळीस वर्षांपूर्वी तिच्याशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा गावभर बोंब झाली होती. पण त्यानं ती घरात आल्याआल्याच बजावलं, तू खुशाल चर्चमध्ये जा, माझ्या उंबऱ्याच्या आत ते काही चालायचं नाही. बिचारीनं चाळीस वर्षं तोंडातून शब्द काढला नाही. आणि आता हेच महाराज म्हणत होते, मला बाप्तिस्मा पाहिजे. घ्या! मरण उशाशी आलं की भल्याभल्यांना देव आठवतो.

डोक्यावर पाणी पडलं की जन्माची पापं धुऊन जातात, एवढंच त्याला ठाऊक होतं. आणि धुण्यासारखं पुष्कळ होतं.

"शनिवारपतूर ऱ्हाईन का गं मी?"

"ऱ्हाल. पन तयारीला लागा. केलेलं सगळं आठवायचं, आन् तोंडानं सांगायचं."

"एखादं राहिलं तर?"

"तर पानी पडून उपेग न्हाई."

धर्मातलं तिलाच कळणार. गोरक्ष कामाला लागला.

पहिलं आठवलं ते बांधाचं. धाकट्या भावाचं, बिभीषणचं रान त्याच्या रानाला लागून होतं. दरसाल नांगराचं एखादं तास पलीकडे सरकवत गोरक्षनं भावाच्या रानाची चांगली पट्टी खाल्ली होती. गुरुवारी सकाळी त्यानं बिभीषणला बोलावून घेतलं आणि त्याचा हात धरून ढसाढसा रडला.

"मला काय दिसत न्हवतं व्हय?" बिभीषणचेही डोळे भरून आले. "जाऊ दे दादा. केलं माफ." मग नाक पुसत म्हणाला, "आता मीच माफ केलं म्हनल्यावर त्या पान्याचं काय काम? ज्याचं खाल्लं त्यानं सोडलं. मिटलं."

"तू सोडलंस रं. वरच्यानं सोडाया पायजे."

"वरच्याचं रान न्हवतं ते!"

छबूबाई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "भाऊजी, यांनी मागितली म्हनून तुमी माफी दिली. न मागता कशी दिली असती?"

बिभीषणनं चहा घेतला आणि तो गेला. छबूबाई खाटेच्या कडेला टेकली.

"अजून काही?"

मग सुरू झालं. डेअरीच्या दुधात घातलेलं पाणी. कोर्टात दिलेली खोटी साक्ष. मारका बैल गरीब म्हणून संगमनेरच्या बाजारात विकला, त्याचं. आईच्या कानातली फुलं चोरून दारू प्याला, तेही.

"तुला मारलं," तो हळूच म्हणाला. "लई येळा."

"ते मी कवाच सोडलं. अजून काही?"

"आता काय राहिलं?"

"बघा की. ह्याच घरातलं. लग्नानंतरच्या वर्सा-दोन वर्सातलं."

गोरक्षनं डोळे मिटून विचार केला. खूप वेळ केला. मग म्हणाला, "तुज्या बापाला दारातनं हाकलला हुता."

"व्हय. ते हाय. अजून?"

शुक्रवारी दुपारी तिनं पुन्हा विचारलं. संध्याकाळी दिवा लावताना परत. गोरक्ष आता वैतागला होता, पण आतून त्याला हलकं हलकं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा आपण काहीतरी पुरतं केलं, असं त्याला वाटलं.

"न्हाई गं. पोतं झटकल्यावानी झालंय आता."

"नीट आठवा. तुमच्या पाया पडते."

"न्हाई म्हनलं ना एकदा! कायच राहिलं न्हाई."

छबूबाई उठून भाकरी थापायला गेली.

शनिवारी उजाडताना त्याची वाचा गेली. ऐकू येत होतं, डोळे फिरत होते, जीभ मात्र हलेना. मोबाईल वाजला. छबूबाईनं उचलला. "व्हय फादर. न्हाई, अजून न्हाई. या तुमी सावकाश." तिनं फोन ठेवला. गोरक्षची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. सावकाशला आता वेळ नव्हता, हे त्यालाही कळत होतं. त्यानं डोळ्यांनीच उशाच्या तांब्याकडे खुणावलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा तांब्याकडे.

छबूबाईनं तांब्या उचलून मांडीवर घेतला आणि त्याच्याजवळ बसली.

"फादर बुधवारीच म्हनले हुते, माजी वाट बघू नका, जीव जात आसंल तर तुमीच पानी वता, चालतं. वार्डात किती पोरांवर वतलंय मी. आन् बाप्तिस्म्याला पापं सांगावी लागत न्हाईत. ते मीच तुमच्या मागं लावलं."

गोरक्षचे डोळे तिच्या तोंडावर खिळले.

"आपल्याला पयली पोर झाली. सातव्या दिशी तापानं फनफनली. दवाखान्यात न्या म्हनलं, तर म्हनलात, पोरीच्या जातीला काय हुतंय. ती चालली तवा कपाळावर पानी तरी वतू द्या म्हनलं, तर हातातला तांब्या हिसकून घेतला." तिचा आवाज जराही चढला नाही. "दोन दिस इचारत हुते मी. एकदा, नुसती एकदा ती आठवली आसती, तर त्याच घटकेला पानी वतलं आसतं."