रिकामा कॅन

ताईचं जहाज संध्याकाळी सुटणार म्हणून धाकट्याचा जीव खालीवर होत होता. हमरस्त्यावर नुसता हात केला तर कुणी ढुंकूनही बघेना. मग पठ्ठ्याने कुठूनसा पेट्रोलचा रिकामा कॅन पैदा केला.

"काका, मागे गाडी बंद पडलीय हो! पुढच्या पंपापर्यंत सोडता?"

लोक लगेच थांबू लागले. प्रत्येक पंपावर उतरायचं, सोडणारा दिसेनासा झाला की पंपापासून जरा लांब चालत जाऊन पुढच्याला कॅन दाखवायचा. असं करत करत बंदर एका टप्प्यावर आलं.

शेवटचा जीपवाला मात्र फारच भला निघाला. धाकटा नको नको म्हणेपर्यंत त्याने कॅन काठोकाठ भरून घेतला आणि जीप आल्या वाटेने परत वळवली.



"बस रे! तुला तुझ्या गाडीपाशी पोचवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."