दुसरी रांग

प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर बारीक कृमींच्या बश्यांच्या दोन रांगा होत्या. पहिल्या रांगेतल्या बश्या ती रोज दहा मिनिटं हलक्या हाताने हलवायची. दुसऱ्या रांगेला बोटही लावायचं नाही, असं ठरलेलं. हलवल्याने कृमींचं आयुष्य वाढतं का, एवढंच पाहायचं होतं. महिन्याने मोजदाद केली, तर दोन्ही रांगांतले कृमी सारखेच, नेहमीपेक्षा जास्त तग धरून होते.

"दुसरी रांग कुणी हलवली?" सरांनी विचारलं.

"मी. रोज, थोडा वेळ."

सरांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, कृमी आहेत ते, मांजराची पिल्लं नव्हेत! महिनाभराचं काम पाण्यात गेलं. का केलंस असं?"

ती चिमटा पुसत राहिली.

"बाबा शेवटचे अठरा दिवस काचेच्या खोलीत होते, सर. नर्स रोज म्हणायची, हातमोजे घाला आणि आत येऊन बसा त्यांच्याजवळ. मी म्हणायचे, नको, त्यांना संसर्ग होईल. मी बाहेर उभी राहून यंत्रावरचे आकडे वहीत उतरवत होते."