फायलीत नसलेली खिडकी

व्हर्नाने खिडकीची काचेची झडप कोर्टात उचलून आणली होती. बाळांच्या बिछान्यावरच्या बदकांच्या चादरीत गुंडाळून. बर्फाने ओले बूट दाराशी झटकून ती आत आली, झडप टेबलाला टेकवली आणि एक हात तिच्यावरच ठेवून उभी राहिली.

न्यायाधीश सौम्य माणूस होता. त्याने चष्मा काढून समजावलं. आरोग्य विभागाने तुमचं पाळणाघर बंद केलं, ते त्यांच्याच फायलीतल्या कागदांवरून योग्य ठरतं का, एवढंच मला बघायचंय. फायलीबाहेरचं काही बघता येत नाही.

फायलीत विभागाची तपासनीस मारेन हिचा अहवाल होता. ‘खिडक्यांच्या जुन्या रंगात मुलांना घातक शिसे. पोपडे सुटत आहेत. खोलीत पाच लहान मुले.’ विभागाच्या वकिलाशेजारी बसून ती स्वतःचीच सही बघत होती. ही वाक्यं मागच्या वर्षीच्या अहवालातली. तिने ती जशीच्या तशी उचलून नव्या फॉर्मात ठेवली होती. ऑफिसात सगळेच तसं करत. एका वर्षात खिडक्या थोड्याच बदलतात.

“साहेब, सहाही खिडक्या मी जूनमध्ये नव्या बसवल्या,” व्हर्ना म्हणाली. “ही त्यातलीच.”

मग त्यांच्या पावत्या आदेशानंतरच्या दहा दिवसांच्या मुदतीत विभागाकडे का दिल्या नाहीत, असं त्याने विचारलं.

“मी वाट बघत होते, बघायला पुन्हा येतील म्हणून. ऑगस्टमध्ये ही आली ना, तेव्हा...” तिची नजर मारेनवर गेली. ती थांबली. “जाऊ दे. नुसता हात लावून बघा एकदा.”

“ते मला करता येत नाही, बाई.”

त्याने वकिलाला विचारलं, फाइल पूर्ण आणि खरी आहे ना. वकिलाने मारेनकडे पाहिलं.

मारेनने मान हलवली. हो म्हणून.

चार मिनिटांत निकाल झाला. आदेश कायम, पाळणाघर बंद.

बाहेर लिफ्टपाशी व्हर्ना झडप काखेत सावरत उभी होती. मारेन खाली मान घालून जिन्याकडे वळली, तेवढ्यात हाक आली.

“पोरी, ही धर गं जरा. बटण दाबते.”

मारेनने झडप धरली. चादर सरकली होती. बोटांखाली रंग बशीसारखा गुळगुळीत लागला. खालच्या कोपऱ्यात, कुणी तरी ओल्या रंगावर टेकवलेल्या इवल्याशा बोटाचा ठसा तसाच वाळून राहिला होता.

“गाडीत किती रडत होतं तुझं बाळ, तू तपासायला आलीस त्या दिवशी,” व्हर्ना म्हणाली. “मीच म्हटलं तुला, दारातूनच परत फिर, लेकरू तापलंय, खिडक्या कुठे पळून जातायत.”

लिफ्ट आली. व्हर्नाने झडप परत घेतली, आडवी करून आत नेली आणि वळून उभी राहिली.

“उतरला ना मग ताप?”

दार मिटेपर्यंत ती उत्तराची वाट बघत होती.