चौपट

जन्मापासून अंध असलेल्या एका विद्यार्थिनीला भौतिकशास्त्राची दोन वर्षं प्रयोगशाळेत नुसतं बसवून ठेवलं होतं. विभागाची तपासणी करायला विद्यापीठाची समिती आली, त्या दिवशी प्रयोगशाळेच्या मॅडमनी तिला नव्या यंत्रापाशी नेलं. त्याची मूठ धरली, की संगणकातले दोन विद्युतभार एकमेकांना कसे दूर लोटतात ते हाताला जाणवायचं. तिने मूठ हळूच पुढे सरकवली आणि दचकली.

"मॅडम, हे मला ढकलतंय! जवळ जावं तसं जास्तच."

"अंतर निम्मं केलंस तर?"

तिने दोनदा करून पाहिलं. "चौपट!" म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. समितीतले लोकही गहिवरले. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, विभागाला वरची श्रेणी मिळाली.

दुसऱ्या दिवशी ती तासाभराआधीच हजर झाली. चाचपडताना हाताला कपाटाची गार काच लागली, मग कुलूप.

"मॅडम, आज चुंबकाचं करून बघू?"

"अगं, रोज हाताळून बिघडलं तर कोण निस्तरणार?" मॅडमनी मायेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "हिरमुसू नकोस. पुढची समिती आली की तुलाच बोलावणार आहोत."